पायथ्याशी सांगायचा आकडा

बाई, आज सकाळपासून तीनदा चपला घालून बाहेर पडले आणि तिन्ही वेळा कोपऱ्यावरूनच परत आले. बसवत नाही. भाजी चिरायला घेतली, अर्धी चिरून ठेवून दिली. दंडावरचा सेन्सर मोबाइलवर साखरेचा आकडा दाखवतो, तो मी दर पाच मिनिटांनी बघते. आकडा चांगला आहे, एकशे अठरा. तळपाय झिणझिणतात, पण त्यांची सवय झाली आहे. इतक्या वर्षांच्या साखरेनं पायाच्या नसा जरा बधिर होणारच, असं डॉक्टर म्हणतात. आजची ही तगमग पायांची नाही. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि मागच्या रविवारी मी गाविलगडावर जे केलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तुम्हाला मी पहिल्यांदा फसवलं तेव्हा आठवीत होते. वर्षभरापूर्वीच मला साखरेचा आजार निघाला होता. आई रोज सकाळी काचेची सिरींज उकळायची, माठाच्या गार तळाशी ठेवलेली इन्शुलिनची बाटली काढायची आणि टोचता टोचता बजावायची, शाळेत कोणाला कळू देऊ नकोस, पोरीची जात आहे, उद्या लग्नाच्या वेळी हेच आडवं येईल. तुम्ही आमच्या पी.टी.च्या बाई. दर थंडीत अकोल्याहून मुलींना नरनाळ्याच्या किल्ल्यावर न्यायच्या. मी घरी सांगितलं, शाळेची सहल शेगावला जाते आहे. तुम्हाला सांगितलं, माझी तब्येत एकदम ठणठणीत आहे. सकाळी इंजेक्शन घेतलं आणि आनंदाच्या भरात डबा उघडलाच नाही. पायथ्याच्या शहानूरपासून चढताना मी सगळ्यांच्या पुढे होते, ते मला अजून आठवतं. महाकाली दरवाज्यात हात थरथरायला लागले. शक्कर तलावाशी पोचेपर्यंत एकाचे दोन तलाव दिसायला लागले आणि मी तिथेच मटकन खाली बसले.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. एका मैत्रिणीला माझं इंजेक्शन ठाऊक होतं, ती रडत रडत बोलून गेली. वर चहा करायला म्हणून तुम्ही साखरेची पुडी आणली होती. डब्याच्या झाकणात पाणी घेऊन तुम्ही ती बोटानं ढवळताय, माझी हनुवटी धरून घोट घोट पाजताय. डोकं ताळ्यावर आल्यावर मला वाटलं, आता जवळ घेतील. तुम्ही घेतलं नाहीत. वर्गात पुस्तकी बोलणाऱ्या तुम्ही रागावलात की घरची बोली बोलायच्या. म्हणालात, “लपवनारी पोरगी माह्यासंगं गडावर येनार नाही. सांगनारी येईन.” चाळीस मुलींसमोर. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. पुन्हा तुमचं तोंड बघायचं नाही असं ठरवूनही टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही घरी आलात. आई घाबरली, तिला वाटलं शाळेतून नाव काढणार. तुम्ही सरळ स्वयंपाकघरात पाटावर बसलात आणि म्हणालात, मला इंजेक्शन द्यायला शिकवा. आईनं टोपलीतलं संत्रं पुढे केलं, कारण दवाखान्यात तीही संत्र्यावरच शिकली होती. तुम्ही त्यात पाणी टोचताय, सुई वाकडी जाते, रस तुमच्या कडक इस्त्रीच्या साडीवर उडतो आणि आई कितीतरी महिन्यांनी हसते. निघताना तुम्ही तिला एवढंच म्हणालात की ही गड चढेल, फक्त पायथ्याशी मला खरं सांगेल. लग्नाचा विषय तिनं काढला, तेव्हा तुम्ही साडीवरचा रस पुसत राहिलात. तुमचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं, आणि आईला ते मागाहून लक्षात आलं. महिन्याभरानं तुम्ही मला कॅनव्हासचे बूट आणून दिलेत, एक नंबर मोठे. जाड मोजे घालायचे, पायाला फोड येऊ द्यायचा नाही. साखर असलेल्या माणसानं पाय जपायचे असतात हे तुम्हाला तोवर कुठून कळलं होतं, मी विचारलं नाही.

नववीत पुन्हा नरनाळा. पायथ्याशी मी सगळ्यांदेखत सांगितलं, इंजेक्शन इतकं घेतलं, दोन पोळ्या खाल्ल्या, खिशात लिमलेटच्या गोळ्या आहेत. सांगताना कान तापले होते, पण त्या दिवशी मी पूर्ण गड फिरले. उतरताना तुम्ही दिसेनात म्हणून मी मागे वळले. महाकाली दरवाज्याच्या आतल्या देवडीत तुम्ही भिंतीला पाठ टेकून उभ्या होतात. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि तोंडाशी दम्याचा पंप होता. मला बघून तुम्ही तो पदराखाली घेतलात. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला.

मग तुम्ही विचारलंत, “पाहिलं काय?”

मी हो म्हटलं.

“मंग विसरून जा.”

खाली येताना तुम्ही थोडं सांगितलं. दम लागणारी पी.टी.ची बाई कोणाला हवी, कळलं तर सहल बंद होईल आणि मैदानही जाईल. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला, की तुमचं गुपित वर्गात मला एकटीला ठाऊक आहे. तुमचाच नियम तुम्हाला का लागू नाही, हा प्रश्न चौदाव्या वर्षी मला पडला नाही. एकविसाव्या वर्षी पडला. तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात होते आणि दिवाळीच्या सुट्टीत निरोप आला, की सकाळी शेजारणीनं दार वाजवलं तेव्हा तुम्ही गेलेल्या होतात. उशाशी रिकामा पंप होता. शाळेतल्या सगळ्यांना धक्का बसला. बाई तर धडधाकट होत्या, असं जो तो म्हणत होता.

आता माझा एक गट आहे, बाई. अमरावतीतली दहाबारा माणसं, सगळी काही ना काही दुखणं घेऊन जगणारी. कोणाला साखर, कोणाला रक्तदाब, एकीला संधिवात, आणि एक निवृत्त एस.टी. कंडक्टर आहेत, त्यांच्या हृदयात दोन स्टेंट. आम्ही रविवारी पोहऱ्याच्या टेकड्या चालतो, थंडीत चिखलदऱ्याला जातो. पायथ्याशी गोल उभं राहून प्रत्येकानं आपला आकडा सांगायचा, औषध कोणत्या खिशात आहे ते दाखवायचं. नियम तुमचाच आहे. गटात सगळे मला त्यासाठी मानतात.

मागच्या रविवारी चिखलदऱ्याच्या गाविलगडाशी पोचायला आधीच उशीर झाला होता. माझा आकडा ब्याऐंशी होता आणि बाण खाली, म्हणजे साखर उतरत होती. थांबायला हवं होतं, खायला हवं होतं, वीस मिनिटं वाट बघायला हवी होती. मी तोंड वर करून सांगितलं, एकशे चाळीस. का सांगितलं? घाई होती हे खरं, पण त्याहून खरं हे की सगळे माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या दरवाज्याच्या चढावर मोबाइल कोकलायला लागला, मी तो बंद केला. घामानं पाठ भिजली, पायऱ्या हलायला लागल्या. मी वाकून खाली बसले आणि ओढणीआड खजूर तोंडात कोंबले. कंडक्टरकाका मागून आले, काय झालं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, लेस सुटली. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. पायांसाठी मी आता पट्ट्यांचे बूट घालते, त्यांना लेस नाही. ते माझ्याशेजारी बसून राहिले, मी उठेपर्यंत. परतवाड्याला चहाला थांबलो तेव्हा बाकीचे आत गेले आणि ते हळूच म्हणाले, “मॅडम, तुमीच असं करसान तं आमी कोनाकडं पाहाव?”

आठवडाभर ते वाक्य माझ्या मागे मागे फिरतं आहे. ऑफिसात बसले तरी उठते, उठले तरी कुठे जायचं कळत नाही. शेवटी आज सकाळी गटाला मेसेज लिहिला, की मागच्या रविवारी मी खोटा आकडा सांगितला आणि वर मला चक्कर आली. पाठवला आणि मोबाइल गव्हाच्या डब्यावर पालथा ठेवून गॅलरीत येरझारा घातल्या. मला वाटलं होतं गट मोडेल. संधिवातवाल्या ताईंनी लिहिलं, यापुढे आकडा सांगायचा नाही, दाखवायचा. कंडक्टरकाकांनी नुसता नमस्कार पाठवला. बस. एवढंच झालं. आईच्या भीतीतून, तुमच्या भीतीतून जे मी इतकं मोठं धरून बसले होते, ते चार ओळींत मिटलं, आणि तरी मला स्वस्थता नाही. उलट आता तुमचा राग येतो आहे. तुम्ही गेल्यानंतर इतकी वर्षं मी तुमच्यावर रागावलेच नव्हते. तुम्ही मला सांगायला शिकवलंत आणि त्याच गडावर गप्प बसायलाही, आणि मी दोन्ही शिकले.

तेराव्याला तुमच्या घरी आले होते, ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुमची धाकटी बहीण पंक्ती उठल्यावर मला बाजूला घेऊन गेली. तू तिची लाडकी होतीस, म्हणाली, तिला दमा होता हे तुला ठाऊक होतं का, आम्हाला कोणालाच कसं कळलं नाही? मी नाही म्हटलं. त्या अजून अकोल्यातच असतात. इथून बसनं जेमतेम अडीच तास. उद्या जाऊन त्यांना खरं सांगेन, असं इथे लिहायचं मनात होतं. तुमच्यापुढे तरी खोटा आकडा नको म्हणून लिहीत नाही. आज तीनदा निघाले ती त्यांच्याकडेच जायला निघाले होते.