दीनाचे आजोबा

सामोसिर,
१४ मे १९९४

चि. सौत,

तुला, तिउर्माला आणि अजून बिननावाच्या आपल्या पोरीला आत्याचे पोटभर आशीर्वाद. पत्र पोचलं. बांगुन-बांगुनचा पाला सोबत पाठवतेय, तिउर्माला त्याचं कालवण करून दे, दूध चांगलं येईल. इथे यंदा कांदा बरा आहे. माझा गुडघा कुरकुरतो, पण चर्चची चढण अजून चढू देतो.

मुलीला माझंच नाव ठेवायचं म्हणतोस. मेदानच्या पाद्रीसाहेबांनी दीनाचा अर्थही सांगितला म्हणे, न्याय. वाचता वाचता माझा चुलीवरचा भात करपला.

खरं तर 'नको' असंच लिहिणार होते. पाच मुलग्यांच्या पाठीवर मी झाले, म्हणून तुझ्या आजोबांनी मला बायबलातल्या याकोबाच्या लेकीचं नाव दिलं. पुढचं पान त्यांनी वाचलं नसावं. आमचे पाद्रीही उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायावरून थेट पस्तिसाव्यावर उडी मारतात. मधल्या अध्यायात एक परका तरुण दीनाला नेतो, मग मागणी घालतो आणि तिचे भाऊ गोड बोलून त्याचा जीव घेतात. सगळे बोलतात तिथे. दीनाच्या तोंडी एक शब्द नाही. तिला तो हवा होता की नव्हता, हे कुणी विचारलंच नाही.

मला यानुआर हवा होता.

हे नाव तू घरात कधी ऐकलं नसशील. बोटींची इंजिनं दुरुस्त करायला तो समुद्रकाठच्या सिबोल्गाहून आला होता, आपल्यातला नव्हता. त्याने आजोबांकडे येऊन रीतसर मागणी घातली. तुझ्या बाबांनी त्याला मिठी मारली, जेवायला बोलावलं. मासा मी शिजवला. जेवणं झाल्यावर दादाच त्याला होडीतून तळ्यापलीकडे सोडायला गेला आणि एकटा परतला. म्हणाला, "पाय घसरला त्याचा. मी उडी मारली, खूप शोधलं."

दादाचे कपडे कोरडे होते, सौत. सगळ्यांनी पाहिलं. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. तुझ्या बापाबद्दल हे तुला लिहायला मला इतकी वर्षं लागली. तळ्याने यानुआरला परत दिलं नाही. अजूनही एखाद्या बोटीचं इंजिन मध्येच बंद पडलं की मी ताट सोडून दारात जाते. आता तो ते सुरू करील असं वाटतं.

म्हणून म्हटलं, त्या कोवळ्या जिवावर हे नाव कशाला. पण काल दादा आला. माझ्यासाठी केळी घेऊन आला, हेच मोठं नवल.

"पोराला सांग, रूथ ठेव म्हणावं. रूथ काय वाईट आहे?"

"तूच सांग की. बाप आहेस त्याचा."

"माझं ऐकत नाही तो. तुझं ऐकेल."

"का रे, माझं नाव एवढं वाईट आहे?"

त्याने केळ्यांचा घड माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "दीने, लोक मला त्या नावाने हाक मारतील गं."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला मूलबाळ नाही, म्हणून गावात मी एकटीच आपल्या नावाने उरले. बाकी सगळे कुणाचे तरी आई, बाबा, आजोबा. तू झालास आणि दादा 'सौतचे बाबा' झाला. आता पोरीचा बाप्तिस्मा झाला की तेही सुटेल. चर्चच्या पायरीवर, ताडीच्या दुकानात, लग्नात, मयतात लहानथोर त्याला म्हणतील, दीनाचे आजोबा. मेल्यावर थडग्यावरही तेच लिहितील.

रडला तो. मला दया आली, खोटं कशाला सांगू. केळी मात्र मी शेजारी देऊन टाकली.

पोरीचा यात काही दोष नाही. तिला तिचं नाव जड होऊ देऊ नकोस. तुला काय हवंय, असं तिला विचारत जा, आणि उत्तर येईपर्यंत थांब.

नाव दीनाच ठेव.

बाप्तिस्म्याला मी दादाच्या शेजारी बसेन. पाद्रींनी नाव उच्चारलं की त्याला त्याच्या नव्या नावाने पहिली हाक मी मारणार आहे.

तुझ्या बाबांची एकुलती बहीण,
दीना