अप्पांचा एकच शब्द

३ नोव्हेंबर

स्वप्नाली येतेय! स्वतः फोन केला. "केदारनाथ, सुट्टीत अंबाजोगाईला घरी आहे. तुझ्या अप्पांना भेटायला येऊ का? शेवटच्या वर्षाचं संशोधन आहे, लकव्याचा पेशंट पाहिजे." संशोधन म्हणे. पोरगी उगं येईल का आमच्या मांजरसुंब्याला? काहीतरी निमित्त लागतंच.

लकव्यात अप्पांचा उजवा हात गेला, बोलणं गेलं, आणि त्यांच्यामागं माझं कॉलेज गेलं. अशाच पेशंटांना परत बोलायला, गिळायला शिकवायचं, तेच शिकत होतो आम्ही. मी आणि ती, एका बाकावर. सर म्हणाले, परत ये. कसा जाऊ? अप्पांच्या तोंडात एकच शब्द उरलाय — केदार. दिवसभर मला हाका मारणारा बाप सोडून कसा जाऊ?

८ नोव्हेंबर

निळा ड्रेस. आमच्या दुकानातून आत घरात येताना साखरेच्या पोत्याला अडखळली आणि हसली.

मायनं अप्पांनाही चहा धरला तर तिनं हात आडवा घातला. "पातळ नको काकू. श्वासनलिकेत जातं, म्हणून ठसका लागतो. आंबील करता ना, तशी घट्ट द्या. चमचा-चमचा, हनुवटी खाली करून."

"बघ बाई, आमच्या पोरानं हे सांगितलंच न्हाई."

लई वेळा सांगितलंय! पण घरच्या पोराचं कोण ऐकतं.

संमतीच्या कागदावर सही मीच केली. ती वाकून "इथं कर, इथं" म्हणत होती. वाचणार कोण?

मग चित्रं. गाय दाखवली. "केदार." कुलूप. "केदार." शेवटी तिनं स्वतःकडं बोट केलं. अप्पा तिच्याकडं बघून एकदम गोड आवाजात — "केदार." मी जागेवर गार. बापानं जमवूनच टाकलं की आमचं! ती मात्र फोनवर रेकॉर्डिंग नीट होतंय का ते बघत होती.

जाताना मायला एक व्यायाम शिकवला. अप्पांचा डावा हात धरून गुडघ्यावर ठेका द्यायचा आणि सुरात म्हणायचं: ये, घे, जा. "मेंदूत गाण्याचा रस्ता वेगळा असतो काकू. कधी कधी शब्द तिकडून येतो."

१९ नोव्हेंबर

माझ्या मेसेजला दोन निळ्या टिक. उत्तर नाही.

२६ नोव्हेंबर

लखननं व्हिडिओ पाठवला. आमच्याच वर्गातला, तो अजून शिकतोय तिथं. खाली लिहिलंय, "काय बे, हॉलमधी तुझंच नाव गाजलं की."

कॉलेजातली संशोधन स्पर्धा. स्टेजवर स्वप्नाली. स्पीकरवर आमचे अप्पा. केदार. केदार. केदार. मागं कुणीतरी खुदकन हसलं. आणि ती, माझी स्वप्नाली, माईकवर सांगते, "रुग्णाच्या तोंडी हा शब्द अर्थहीन आहे. तो कोणालाही उद्देशून नाही. झटक्यानंतर जिभेवर अडकून राहिलेला उच्चार आहे." टाळ्या. पहिला नंबर.

अर्थहीन. माझं नाव.

चुलीजवळचं आंबिलीचं पातेलं लाथाडलं. माय फडकं घेऊन पुसायला बसली. तिला काय सांगू?

२७ नोव्हेंबर

फोन लावला. नको नको ते बोललो. माझ्या बापाचा आवाज नेलास, वर त्यालाच खोटं पाडलंस. एवढंच काम होतं तर गोड बोलून आलीस कावून?

"संशोधनासाठी येते, असंच म्हणाले होते मी."

"त्या शब्दाला अर्थ नाही, हे तुला कधी कळलं?"

"दवाखान्यातून तू पहिला फोन केलतास ना, तेव्हा मागं त्यांचा आवाज येत होता. तेव्हाच."

म्हणजे वर्ष झालं!

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू रडत होतास आणि हसत होतास. मला ओळखतात, मलाच बोलावतात, म्हणत होतास. तेवढंही काढून घेऊ तुझ्याकडून? आणि दुसऱ्या वर्षाला तूही शिकलास की हे. मला वाटलं, तुला माहीत असेल."

फोन कापला. नंबर ब्लॉक. भरल्या हॉलला सांगायची हिंमत होती. मला सांगायची नव्हती.

१ डिसेंबर

आज दाराआड उभा राहून ऐकलं. अप्पा दुकानात बाजेवर, एकटेच. पोत्यामागून उंदीर पळाला: "केदार!" पंखा बंद पडला: "केदार." गहिनीनाथ काका साबण न्यायला आले, त्यांनाही तेच. काका हसले. "मी गहिनीनाथ हाय अप्पा. तुमचं पोरगं न्हाई."

अप्पाही हसले.

मग मी कोणाच्या हाकेला थांबलो?

५ डिसेंबर

मायला म्हणालो, तिचा व्यायाम बंद कर.

"तुझं तिच्याशी वाजलंय. मी माझ्या नवऱ्याचा गुडघा कावून सोडू?"

ठेका चालूच. ये, घे, जा. डोकं उठलंय.

९ डिसेंबर

नंबर अनब्लॉक केला. फक्त डीपी बघायला.

१४ डिसेंबर

सकाळी अप्पांना आंबील भरवत होतो. हनुवटी खाली, एक घोट, थांबा, परत एक. अप्पांनी डाव्या हातानं चमचा बाजूला सारला. वाटलं, पोट भरलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. खुंटीवरच्या माझ्या कॉलेजच्या बॅगकडं बघितलं. परत माझ्याकडं. गुडघ्यावर एक ठेका दिला आणि तोंड वाकडं करत, जोर लावून, एक शब्द काढला.

केदार नव्हे.

मायनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या हातातला चमचा काढून घेतला.

स्वप्नालीला फोन लावला. "अप्पा बोलले. नवा शब्द."

"काय सांगतोस! कोणता? ये? घे?"

"बॅग घेऊन फाट्यावर उभा आहे," म्हणालो. "येऊन सांगतो."