दोनशे बारा निरोप आणि एक पेटी

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
१४ नोव्हेंबर २०२५

ती. सविताताईस,

साष्टांग नमस्कार. आम्ही तिघं इथे मजेत, म्हणजे एसीत. तुझा गुडघा आणि भाऊजींचं बीपी आपापल्या पायरीवर असेल अशी आशा.

आधी माझ्यावर झालेल्या घोर अन्यायाची नोंद घे. ज्या पेटीबद्दल मी तुला आठ महिने सांगतोय, ती परवा घरी आली. नेटवर्क स्टोरेज म्हणतात तिला. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, आवाज एकत्र ठेवायचं कपाट. किल्लीऐवजी पासवर्ड, आणि घरातल्या कुठल्याही फोनवरून उघडतं. अठराशे दिरहम, म्हणजे आपले त्रेचाळीस हजार. आणि त्यासोबत दिलेली केबल किती? वीतभर! आमच्या फ्लॅटमध्ये इंटरनेटचं भोक बुटांच्या कपाटामागे आहे. त्यामुळे त्रेचाळीस हजारांचं यंत्र सध्या माझ्या जुन्या सँडलवर विराजमान आहे. दार उघडलं की आधी वास येतो, मग विज्ञान दिसतं.

ही पेटी निवडायला आठ महिने लागले ते माझ्या चिकित्सक वृत्तीमुळे, असं मी तुला सांगत आलो. एक्सेलमध्ये तक्ता होता. एकीला नुसती केबल, एकीला वायफाय, एकीला यूएसबी, एकीला सगळंच पण घरघर पिठाच्या गिरणीची. अल बर्शातल्या दुकानातला राहिल, हैदराबादचा, मला लांबून बघूनच चहाला निघून जायचा. शेवटी परवा त्याने मला गाठलं.

"साब, कनेक्ट कैसे करना है वो बोलो ना. केबल से, वायफाय से, यूएसबी से, बाहर से मोबाइल पे?"

"सब ऑप्शन चाहिए."

"सब ऑप्शन है इसमें. रखना क्या है?"

'माँ की आवाज' म्हणायला काय झालं होतं? मी म्हणालो, "फॅमिली डेटा."

फॅमिली डेटा! स्वतःच्याच तोंडाची शिसारी आली, ताई.

"तो दो डिस्कवाला लो," राहिल म्हणाला. "कीमती चीज एक जगह नहीं रखते, साब. एक डिस्क मर गई तो दूसरी में रहता." मी 'खलास', म्हणजे इथल्या अरबीत 'झालं, ठरलं', म्हणून कार्ड पुढे केलं.

आता तू म्हणशील, नमनाला घडाभर तेल जाळलंस, आईचा आवाज कुठाय? वर्षश्राद्धाला महिना राहिला. तू मागितलं होतंस ते एवढंच, की त्या दिवशी पानं वाढण्याआधी तिचा आवाज एकदा घरात ऐकू यावा. तू तिच्याजवळ सांगलीत राहिलीस, म्हणून तुला तिने कधी व्हॉइस मेसेज पाठवला नाही. मला रोज पाठवला. तिचा आवाज आहे तो फक्त माझ्या फोनमध्ये.

इथे व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, हे खरं. म्हणूनच ती मेसेज पाठवायची. पण इथली सगळी भारतीय मंडळी ज्या दुसऱ्या ॲपवरून घरी बोलतात ते माझ्याही फोनमध्ये होतं. पुण्याच्या बिल्डरशी मी त्यावर तास तास भांडलोय. आईला मात्र सांगायचो, "अगं, इकडे बंदी आहे." माझ्या आळसाच्या दिमतीला मी एक अख्खं सरकार उभं केलं होतं.

काल मिहिका माझ्या फोनमधून ते मेसेज पेटीत भरायला बसली. भरता भरता थांबली.

"बाबा, देअर आर टू हंड्रेड अँड ट्वेल्व्ह."

"हो गं, आजी बोलकी होती."

"नो, बाबा. टू हंड्रेड अँड ट्वेल्व्ह यू नेव्हर प्लेड."

मृणालिनी भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि आत निघून गेली.

सुरुवातीचे दहा-बारा ऐकले होते मी. मग सकाळची घाई, मग मीटिंग, मग "रविवारी निवांत ऐकू".

आता खरी घाण ऐक. तेराव्याला मी आईचा फोन किती तत्परतेने साफ केला, आठवतं? "बँकेचे घोटाळे होतात ताई, रिसेट केलेला बरा." तू सगळ्यांना सांगितलंस, सदाला किती कळतं! बँकेशी त्याचा काही संबंध नव्हता. आपण मेसेज ऐकला की पाठवणाऱ्याच्या फोनवर माइकचं चिन्ह निळं होतं. ऐकला नाही तर करडं राहतं. तो फोन तुझ्या हाती लागला असता तर तुला आधी दिसली असती ती करड्या माइकांची रांग. मी पुरावा पुसला. त्यात अंगणात तिने काढलेले तुझे फोटो होते, तेही गेले. राहिल म्हणतो, कीमती चीज एक जगह नहीं रखते. तिच्या आवाजाची दुसरी जागा म्हणजे तिचाच फोन, ती मी माझ्या हाताने संपवली.

म्हणून पेटी ठरत नव्हती. ती आली असती तर भरावी लागली असती.

आज रजा टाकली आणि सगळे ऐकले. कोथिंबिरीचा भाव, तुझा गुडघा, शेजारच्या प्रसन्नचं मोडलेलं आणि पुन्हा जुळलेलं लग्न. नव्वदाव्यात म्हणते, "माइक करडाच दिसतोय रे. कामात असशील. मी आपली बोलून ठेवते." तिला माहीत होतं, ताई. आणि तुला सांगायची, सदा रोज ऐकतो.

एकशे चाळिसाव्यात मसाला आहे. इथे असणाऱ्या मिरजेच्या गोपीनाथबरोबर पाठवलेला, गोडा. "तिकडे खसखस चालत नाही म्हणे, विमानतळावर पकडतात. बिनखसखशीचा केलाय, जन्मात पहिल्यांदा. जमलाय का ते कळव." पुढे तीन दिवस, "मसाल्याचं सांगितलं नाहीस." मग विचारायची थांबली. पुडा फ्रीझरमध्ये होता. सुतळीसुद्धा सोडली नव्हती.

सोबत पेनड्राइव्ह आहे. गोपीनाथ रविवारी मिरजेला येतोय, तो आणून देईल. दुसरी प्रत इथे सँडलवर. पेटी सांगलीतून उघडायचा पासवर्ड या पत्राच्या मागे लिहिलाय. वरदला सांग, तुझा मुलगा दोन मिनिटांत करेल. श्राद्धाला कोणता मेसेज लावायचा ते तू ठरव. नव्वदावा लावलास तरी माझी हरकत नाही. मी येतोय. पंक्तीत घ्यायचं की नाही, तेही तूच ठरव.

पेनड्राइव्हवर एक फाइल जास्त दिसेल. शेवटची, वीस सेकंदांची, माझी आहे. दुपारी पुडा फोडून मी भरली वांगी केली. मृणालिनीने दोनदा वाढून घेतली, अजून बोलत नाही तरी. मग फोन घेऊन गॅलरीत गेलो आणि सांगितलं, "आई, मसाला जमलाय. खसखस नाही म्हणून रस जरा पातळ राहतो. पण लवंग या खेपेला बेताची पडलीय."

उशिरा ऐकणारा,
तुझा सदा