शिकंज्याचा दुसरा फेरा

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र आणि सोबतचं हक्कसोडपत्र पोचलं. इकडे सगळे बरे आहेत. बाबांना जाऊन महिना झाला, पण गिऱ्हाइकं अजून दारातूनच "मिस्त्री आहेत का?" विचारतात. चार गिटारी अर्धवट आहेत. एकीची मान काल बसवली.

तू लिहिलंस, "त्यांचा हात चिरडल्यापासून अकरा वर्षं तू बटणं लावलीस, दाढी केलीस. मी तर पळून आले. कारखाना तुझाच." हे वाचून प्रार्थनेला बसलो आणि तसाच उठलो.

ताई, त्या हातावर फळी पडली नव्हती.

बाबांची रीत तू भोगली आहेस. सदोष गिटार दुरुस्त करायची नाही, बनवणाऱ्यासमोर फोडायची. तुझ्या दोन फोडल्या, तिसरी तुझ्या पाठीवर. मग तू गेलीस, मी राहिलो.

हात चिरडला त्या दिवशी पाळी माझ्या गिटारीची होती. सात महिने खपलो होतो. त्यांनी एक तार छेडून कान लावला.

"हे वाजतंय की खोकतंय?"

"बाबा, उघडून बघू ना एकदा."

"देव देव करून पट्टी चिकटत नाही, महाराज. सरस लागतो."

मानेला धरून त्यांनी ती टेबलाच्या, लाकूड आवळून धरायच्या लोखंडी शिकंज्यावर आपटली. पाठ फुटून तारा लोंबेपर्यंत आपटली. मग दम खात तिथेच हात टेकून हसले. बोटं शिकंज्याच्या जबड्यात होती.

मी दांडा फिरवला.

पहिला फेरा रागाचा होता. "अरे, बोटं! बोटं माझी!" ते ओरडले. दुसरा मी त्यांच्या डोळ्यांत बघत, सावकाश दिला. हाडाचा आवाज सुक्या लाकडासारखाच येतो. रक्त भुशात जिरत होतं आणि मी लगेच सोडवलं नाही.

टॅक्सीत ते एवढंच म्हणाले, "डॉक्टरला फळी सांग." पुन्हा कधी विषय नाही. मी वस्तरा घेतला की ते मुकाट्याने मान वर करून गळा पुढे द्यायचे. शेजारी म्हणायचे, मुलगा असावा तर असा.

दुसऱ्या दिवशी तुकडे गोळा केले, तेव्हा आतली एक पट्टी टोकाला सुटी दिसली. सरस तिथवर पोचलाच नव्हता. दोष खरा होता.

देवाची माफी रोज मागतो. ते सोपं आहे, तो उलट पत्र लिहीत नाही.

हक्कसोडपत्र परत पाठवतो आहे. ती सही तू सेवा करणाऱ्या भावासाठी केली होतीस. हे वाचूनही द्यावासा वाटला कारखाना, तर पुन्हा सही कर. नाहीतर विकून टाक. चावी समोरच्या शिंप्याकडे दिली आहे. तुझं उत्तर येईपर्यंत मी आत पाऊल टाकणार नाही.

क्षमा कर असं लिहिणार होतो. आत्ता नको. आधी पोटभर रागाव.

तुझा भाऊ म्हणून सही करवत नाही,

बाबांचा मुलगा