लाल दाराची स्क्रिप्ट

३ सप्टेंबर

घोळ! आणि तोही माझ्याच हातून. आमच्या फोटो सुधारायच्या प्रोग्रामचा इन्स्टॉलर मी घरच्याच कॉम्प्युटरवर बनवते. त्यात स्क्रिप्ट, म्हणजे छोटे जोडप्रोग्राम, चालवायला पायथन भाषेचं जुनं पॅकेज घालावं लागतं. त्याचं फोल्डर उचलताना आत पडलेली स्वेर्रेची स्क्रिप्टही गेली! आता जगभर लोकांच्या मेनूत माझ्या भावाचं ‘ओरखडे बुजवा’.

माझ्याबरोबर काम करणारा केतिल फोनवर हसत सुटला. “योरुन, घरातला केरही भरून पाठवतेस की काय!” मग स्वेर्रे कोण ते त्याला आठवलं. माफी मागितली. स्वेर्रे समुद्रावर गेला त्याला दोन वर्षं झाली. होडी सापडली, स्वेर्रे नाही.

५ सप्टेंबर

हॉलंडच्या एका आजोबांची तक्रार. लग्नाच्या फोटोवरचा ओरखडा बुजला, पण तिथे एक लाल दार आलं. ‘आमच्या चर्चमध्ये असलं दार नव्हतं हो!’

स्क्रिप्ट वाचून काढली. चाळीस ओळी. शेजारचा रंग उचलायचा, ओरखड्यावर पसरायचा. बस्स. दार येणार कुठून?

९ सप्टेंबर

अकरा फोटो, अकरा अनोळखी माणसं. दार तेच — होड्या ठेवायच्या शेडचं, खालची फळी तुटलेली. दर फोटोत थोडं जवळ.

भीती वाटते. आणि खरं सांगू? आनंदही होतो. त्याची लाज वाटते.

१० सप्टेंबर

आईला फोटो पाठवला. लगेच फोन. “अगं, ही तर बेटावरची आपली जुनी शेड! तिकडे शोधलंच नाही कुणी.” खरंच नाही. होडी दक्षिणेला सापडली म्हणून सगळे तिकडेच शोधत बसले.

“जाऊन बघ ना गं. माझ्या गुडघ्यांनी जमलं असतं तर मीच गेले असते.”

१४ सप्टेंबर

केतिलचा तगादा. नव्या आवृत्तीतून जुनं पायथन काढायचं, हे उन्हाळ्यातच ठरलं होतं. ते गेलं की स्वेर्रेची स्क्रिप्ट चालायची नाही. “सोड आता, बाई. लोक घाबरलेत.”

दोन दिवस मागून घेतले.

१५ सप्टेंबर

पोर्तुगालहून फोटो. दार उघडं. आत काळोख. उंबऱ्यावर एक बाई, पाठमोरी. पिवळा रेनकोट, टोपी ओढलेली.

माझा निळा आहे. दहा वर्षं तोच. हुश्श! मी नाही ती!

आणि नाही जायचं मला तिकडे. तो तिथे असेल तर बघवणार नाही, आणि नसेल तर परत पहिल्यापासून वाट बघत बसायचं. आईला सांगायची हिंमत नाही.

१६ सप्टेंबर

जुनं पायथन काढलं. नवा इन्स्टॉलर चढवला. पोटभर रडले.

१७ सप्टेंबर

वाढदिवस. आईचं पार्सल आलं. पिवळा रेनकोट! चिठ्ठीत एवढंच — ‘तुझा निळा गळतो. बेटावर हा घाल.’

घालून पाहिला. बरोबर बसला. बेटाची होडी सकाळी साडेसातला आहे.