उतार कुठल्या बाजूला

११ जानेवारी, रविवार

आज पुन्हा माझ्यावरच आलं. गोल्फच्या आठव्या होलला चेंडू ग्रीनवर, भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, भोक इतकं जवळ की लहान मुलानं ढकलला तरी जावा. हे मागे उभे, हात पाठीशी. "उजवीकडे मार मंदा, डावीकडे वळेल." मारला उजवीकडे. वळला नाही. भोकाच्या उजवीकडूनच मजेत निघून गेला. आणि वर काय, तर "हात हलला तुझा." क्लबातली भाग्यश्री आणि तिचा नवरा शेजारी उभे — ऐकू न आल्यासारखं करत.

हात हलला म्हणे! उभा जन्म शाळेत गणित शिकवलं. फळ्यावर नुसत्या हातानं वर्तुळ काढायचे, पोरं कंपास लावून बघायची. माझा हात हलत नाही.

१४ जानेवारी

तिळगूळ पुढे करून म्हणाले, गोड बोला. मी बोललेच नाही.

१८ जानेवारी, रविवार

परत तेच. ह्यांनी दाखवलेली रेषा, माझा पट — भोकात ढकलायचा शेवटचा टोला — चेंडू भलतीकडे, दोष माझा.

पुढच्या महिन्यात नवरा-बायकोंची स्पर्धा आहे. एकच चेंडू, दोघांनी आळीपाळीनं मारायचा. गेल्या वर्षी थोडक्यात हरलो. ह्यांना यंदा जिंकायचंय, म्हणून संध्याकाळी वरदला फोन — "तुझ्या आईचं पटिंग गेलंय." आणि चिरंजीव खराडीच्या ऑफिसातून मला सांगतात, "आई, यूट्यूब बघ ना, बेसिक आहे ते."

मान्य, गोल्फ मला ह्यांनीच शिकवला. म्हणून काय जन्मभर ह्यांना विचारूनच मारायचं?

२१ जानेवारी

नाटकाची तिकिटं काढायला जाते म्हणून सांगितलं आणि सौरभकडे गेले. क्लबचा नवीन कोच. ह्यांच्या मते "कालचं पोर".

त्यानं आधी पटर, ती पट मारायची काठी, बाजूलाच ठेवायला लावला. "मॅडम, डोळे मिटून उभ्या राहा. वजन कुठल्या पायावर येतंय?" डाव्या. "मग उतार डावीकडे. आता खालच्या बाजूनं जाऊन बघा. इथं बादलीभर पाणी ओतलं तर कुठं वाहील?" गवत चमकतं तिकडे चेंडू पळतो, काळपट दिसतं तिकडे अडखळतो. आणि आधी वेग ठरवायचा, मग दिशा — हळू मारलेला जास्त वळतो.

इतकं साधं. इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही. मला नुसतं उत्तर मिळायचं. रीत न दाखवता उत्तर लिहिणाऱ्याला मी वर्गात शून्य द्यायचे.

२५ जानेवारी, रविवार

तिसऱ्या होलला हे म्हणाले उजवीकडे मार. पाय म्हणाले उतारच उजवीकडे आहे, डावीकडे मार. पायांचं ऐकलं. टप्प्‌ — आत.

"नशीब," हे म्हणाले.

पाचव्याला पुन्हा तसंच. सातव्यालाही. मग हे माझी वाट न बघता पुढे चालायला लागले. घरी येताना गाडीत म्हणाले, "मला विचारायचंच नसेल तर तसं सांग."

"अहो, तुम्ही चुकीचं सांगता."

"तू पटर हातात धरायच्या आधीपासून खेळतोय मी."

"म्हणूनच आश्चर्य वाटतं."

ह्यांनी रेडिओ लावला, तो घरी शनिवार पेठेत येईपर्यंत.

एक वाईट शंका येते. लिहू की नको? — लिहितेच. हे मुद्दाम करतात का? दिवाळीच्या आधी मी दोनदा हरवलं होतं ह्यांना. तेव्हा हसले होते. पण हसणं निराळं आणि आवडणं निराळं.

१ फेब्रुवारी, रविवार

कमाल झाली. ह्यांनी स्पर्धेतून आमचं नाव काढून घेतलं! मला न विचारता. कळलं कुणाकडून, तर भाग्यश्रीकडून, पार्किंगमध्ये — "अगं, तुला बरं नाही का?"

मला उत्तम बरं आहे.

घरी आल्यावर विचारलं. म्हणाले, "कंटाळा आलाय मला खेळाचा."

"मला नाही आलेला."

"मग तू खेळ."

नवरा-बायकोंच्या स्पर्धेत एकटी खेळू? बायको पट मारायला लागली की खेळाचा कंटाळा येतो, हे मला माहीत नव्हतं.

२ फेब्रुवारी

अबोला. वरण मुद्दाम आळणी केलं. जेवले मुकाट्यानं. त्याचाही राग आला.

४ फेब्रुवारी

क्लबात फोन करून नाव परत घातलं. अनंत आणि मंदाकिनी, दोघांचंही. आता काढून दाखवा म्हणावं.

५ फेब्रुवारी

सकाळी चहा करताना पाठमोरी राहूनच सांगितलं, नाव घातलंय. भांडायची सगळी तयारी होती.

मागून आवाज आला, "मंदा, मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. दिवाळीपासून कमी होत होतं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते आता परत येणार नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तू दर वेळी मागे वळून विचारायचीस, उतार कुठल्या बाजूला म्हणून. तेवढं तरी राहावं असं वाटलं."

मी गॅस बंद केला. माझी खुर्ची नेहमी ह्यांच्या डावीकडे असते. ती उचलून उजवीकडे नेली.