विकूया की

अव्वा, गेल्या महिन्यात मी आपलं दुकान जवळजवळ विकून बसले होते. दुकान म्हटलं की तुला लगेच कळेल, कारण कंपनी हा शब्द तुझ्या तोंडात कधी बसलाच नाही. सकाळ-संध्याकाळ गावातली माणसं किटल्या घेऊन दूध संस्थेत येतात, त्यांचं दूध, त्याची फॅट, त्यांची बिलं हे सगळं कॉम्प्युटरवर कसं राहतं ते मी तुला कितीदा तरी समजावलं होतं. तू मान हलवायचीस आणि शेजारणीला सांगायचीस, पोरीनं कोल्हापुरात मैत्रिणीसंगं दुकान घातलंय. तेच हे दुकान. दोन खोल्यांतून आता मोठ्या जागेत आलंय, बरीच पोरंपोरी कामाला आहेत, आणि मालकीण म्हणून सह्या करते मी. म्हणजे निम्मी मालकीण. दुसरी निम्मी ती कोडोलीची, माझी कॉलेजातली मैत्रीण, जिला तू तोंडावर भांडकुदळ म्हणायचीस आणि जिच्यासाठी जास्त लसणाचं भडंग वेगळं बांधून ठेवायचीस.

तुझं जयसिंगपूरचं स्वयंपाकघर आठवतंय आज. कढईपाशी तू, चुरमुऱ्याच्या परातीपाशी मावशी. मावशी आपल्या नात्यातली कुणीच नव्हे, गल्लीतली तुझी मैत्रीण, पण मला कळायला लागायच्या आधीच तुम्ही दोघींनी मिळून भडंगाचा धंदा काढलेला. दिवसभर भांडण. शेंगदाणे जास्त भाजले म्हणून, कढीपत्ता कमी पडला म्हणून, उगंच म्हणूनसुद्धा. मराठीत चाललेलं भांडण कन्नडात शिरलं की मी ओळखायचे, आता खरं पेटलंय, आणि दप्तर घेऊन बाहेरच्या सोप्यात सटकायचे. घरभर मिरचीचा खकाणा, तू पदरानं डोळे पुसतेस, आणि घाणा उतरला की पहिली मूठ मावशीच्या हातावर ठेवतेस. फोडणी जिनं दिली तिनं चव घ्यायची नाही, हा तुमचा नियम. सकाळपासून तिखटात बसलेल्या बाईची जीभ मेलेली असते, ती सगळ्यालाच बरं म्हणणार, असं तू सांगायचीस. तू केलंस तर मावशी चाखणार, मावशीनं केलं तर तू.

एकदा दुकानदार पिशव्या घेऊन दारात उभा, आणि मावशी चाखून त्याच्यासमोर मोठ्यांदा म्हणाली, खारट झालंय, आज न्हाय द्यायचं. दुकानदार गेला. तू दिवसभर तिच्याशी बोलली नाहीस, भांडी मात्र अशी आपटलीस की गल्लीला कळावं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिली मूठ तिच्याच हातावर. मला तिचा भारी राग आला होता, मी विचारलं, तू तिचं ऐकून का घेतेस? तू म्हणालीस, "मला बरं वाटावं म्हणून ती बोलाय लागली, की आपलं दुकान बंद पडलं म्हण."

मी तेव्हा शाळकरी, त्यातलं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. पुढं आम्ही दोघींनी ऑफिस थाटलं तेव्हाही शिरलं नव्हतं, हे तू पहिल्याच दिवशी ओळखलंस. मी स्वतःसाठी उंच पाठीची फिरती खुर्ची घेतली होती आणि तिच्यासाठी प्लास्टिकची, कारण प्रोग्रॅम लिहिणारी मी, ती नुसता तपासणार. तू नारळ फोडलास, पेढा खाल्लास, खुर्च्यांकडं बघितलंस आणि खाली उतरलीस. तासाभरानं रिक्षातून आलीस ती दोन सारख्या साध्या खुर्च्या घेऊन. माझी फिरती खुर्ची तू दुकानदाराशी हुज्जत घालून बदलायला पाठवून दिलीस. सगळ्यांसमोर माझी अब्रू गेली असं मला वाटलं, आणि ती कोडोलीची भवानी तोंडाला रुमाल लावून हसत होती. उद्घाटनाचा आहेर म्हणून तू दिलेल्या त्या खुर्च्या. लोकांच्या आया देवाचा फोटो देतात.

तपासणं म्हणजे काय ते तिनंच मला दाखवलं. मी लिहायचं आणि तिनं ते मोडायचं, अशी आमची पद्धत पडली. गावागावांत ती स्वतः जायची, संस्थेच्या सेक्रेटरीशेजारी बसायची, आणि परत येऊन म्हणायची, तो माणूस घाईत दोनदा बटण दाबतोय, तुझं प्रोग्रॅमचं पाखरू तिथंच मरतंय. बटणांवर 'होय' आणि 'नाही' खोडून 'व्हय' आणि 'न्हाय' तिनंच लिहायला लावलं, आणि त्या एका गोष्टीवर आम्हाला किती संस्था मिळाल्या म्हणून सांगू. एका गावात तर चेअरमन, हार, पेढे, सगळी तयारी झाली होती. संध्याकाळचं दूध सुरू झालं, आणि ही मध्येच उठून म्हणाली की आज हे सुरू करायचं नाही, गाईचं दूध म्हशीच्या नावावर चढतंय. खरंच चढत होतं. आधीचा माणूस म्हैसवाला असला की पुढच्याची गायसुद्धा म्हैस होत होती. चेअरमन हसला, मी नाही हसले. तिच्या स्कूटरवर मागं बसून कोल्हापूरपर्यंत धुसफुसत आले. तू त्या वेळी माझ्याकडं आली होतीस, तुला सगळं रागारागानं सांगितलं, तर तू जेवता जेवता इतकी हसलीस की ठसका लागला. म्हणालीस, आता तुला मैत्रीण गावली बघ.

तर आता विकण्याचं. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं विचारणा केली. माणसं चांगली होती, उगाच कशाला नावं ठेवू. कामावरच्या कुणाला काढणार नाही म्हणाले, फक्त सगळं एकसारखं, प्रमाणभाषेत करून घेऊ म्हणाले. मैत्रीण अजून 'मी आलो, मी गेलो' असंच बोलते, आपल्याकडच्या बायका बोलतात तसं, आणि त्यातला एकजण ते ऐकून गालातल्या गालात हसत होता, तेवढं सोडलं तर काही खटकलं नाही. त्याच सुमाराला तिचे वडील आजारी होते. कोडोली ते कोल्हापूर रोज ये-जा, डोळ्यांखाली काळं, दुपारी टेबलावर डोकं टेकून झोपलेली मी तिला दोन-तीनदा बघितली. मला वाटलं, हिला आता यातून सुटायचंय आणि माझ्यासाठी थांबलीय. समोर विचारायचा धीर झाला नाही म्हणून मोबाईलवर मेसेज केला, विकूया का? लगेच उत्तर आलं, विकूया की.

आता तूच सांग, आपल्याकडं 'की' म्हणजे काय? येतोस का, येतो की. जेवणार का, जेवतो की. म्हणजे विचारायचं काय त्यात, येणारच. मी तसंच धरलं. मला स्वतःला विकायचं नव्हतं, पण म्हटलं तिची इच्छा आहे, आपण आडवं यायचं नाही. पुण्याला कळवलं की आम्ही तयार आहोत.

त्यानंतर ती रोज ऑफिसला येत होती, चहा पीत होती, पोरांशी बोलत होती. फक्त माझ्या कामात चुका काढायची बंद झाली. काहीही दाखवलं की बरं हाय. चार दिवस मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, म्हटलं आपला हात बसला. मग मनात पाल चुकचुकली आणि मी मुद्दाम एक पान वेडंवाकडं करून ठेवलं. उत्पादकाच्या नावाच्या जागी तारीख, तारखेच्या जागी फॅट, आंधळ्यालाही दिसेल असं. तिनं बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाली, बरं हाय की. अव्वा, तू सांगितलेलं दुकान बंद पडणं ते हेच, पुण्याच्या लोकांनी कागद करायच्या आधीच झालेलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी गाडी काढली आणि तडक कोडोली गाठली. तिचे वडील सोप्यात खाटेवर बसले होते, मला बघून म्हणाले, या पावणं. ज्यांनी मला पोरीसारखं वागवलं ते मला पावणं म्हणतात म्हटल्यावर मी समजले, बरेच महिने आपण इकडं फिरकलेलो नाही. ती आत भाकऱ्या थापत होती. मान वर केली नाही. मी दारातच उभी राहून विचारलं, काल ते पान तू बरं कसं म्हणालीस?

"तुझ्या मनासारखं चाललंय न्हवं सगळं," ती म्हणाली. "मग मी कशाला मध्ये बोलू?"

माझ्या मनासारखं? मी म्हटलं, विकूया की असं तूच लिहिलंस. तर म्हणाली, तू विचारलंस म्हणून लिहिलं. ज्याला विकायचं नसतंय ते माणूस विचारतंय कशाला? तो 'की' होय म्हणणारा नव्हताच. वीक की बाई, तुला विकायचंच असेल तर मी कोण अडवणार, असा तो जळका 'की' होता. तोंडानं बोलली असती तर मी लगेच ओळखला असता, जन्म गेलाय ऐकण्यात. मोबाईलवर दोन्ही सारखेच दिसतात. मी कसंबसं म्हटलं, मला वाटलं तू दमलीस.

"दमलोय की," ती म्हणाली. "दमल्यावर माणूस झोपतंय. दुकान विकत न्हाय."

मला आधी हसू आलं आणि मग रडू, आणि तव्यावरची भाकरी करपली म्हणून तिनं मलाच शिव्या घातल्या. तिथंच पाटावर बसून गरम भाकरी, ठेचा, दही खाल्लं. किती दिवसांनी जेवण गोड लागलं. पुण्याच्या साहेबांना मी तिच्यासमोरच फोन लावला आणि माफी मागितली. कारण विचारलं तर खरं तेच सांगितलं, आमच्याकडं 'की'चे दोन अर्थ होतात, मी चुकीचा धरला. भला माणूस, समजल्यासारखं हं म्हणाला. वडिलांची तब्येत सुधारेपर्यंत ती आता आठवड्यातले निम्मे दिवस कोडोलीतूनच काम करते, आणि तिथून फोन करून माझा उद्धार करते. ते मुद्दाम केलेलं पान मुद्दाम केलं होतं यावर तिचा अजून विश्वास नाही. माझं सुखात चाललंय अव्वा, खरंच. धंदा वाढेल न वाढेल, पण सकाळी ऑफिसात शिरताना भांडायला कुणीतरी आहे याचं मला फार सुख वाटतं.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. मिरजेच्या दवाखान्यात तुझे शेवटचे दिवस चालले होते तेव्हा मी सगळं सोडून तुझ्या उशाशी होते. रोज तुला सांगायचे, रिपोर्ट चांगले आहेत, गुढीपाडव्याला घरी जायचंय आपल्याला. तू मान हलवायचीस आणि विचारायचीस, ती आली का? मावशी आली की मला चहाला बाहेर पाठवायचीस. एकदा मी लवकर परत आले. दारातून ऐकलं, मावशी तुला सांगत होती, "आता तू घरला येत न्हाईस बघ." मी तिच्यावर धावूनच जाणार होते. तर तू तिचा हात धरलास आणि म्हणालीस, "बरं झालं बाई, कुणीतरी बोललं." मग दोघी रडलात, आणि थोड्या वेळानं कुणाची तरी उणीदुणी काढत हसायला लागलात. मी तशीच मागं फिरले आणि बाहेर बाकावर बसून राहिले.

पोटची पोर मी, आणि मरताना तुला ती हवी होती, हे मी इतकी वर्षं मनात धरून बसले. मावशीकडं सणासुदीला जाते, पाया पडते, पण नीट बोलत नाही. कोडोलीच्या त्या दारात उभी राहिल्यावर मला कळलं, मी तुला रोज बरं हाय, बरं हाय म्हणत होते, आणि त्या बोलण्यानं तू एकटी पडत होतीस. मावशी आता थकलीय. रविवारी तिच्याकडं जाणार आहे, बसून बोलणार आहे.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही आणि कोडोलीचीला तर मुळीच दाखवायचं नाही, ती पहिल्या ओळीपासून खुसपटं काढेल. शेवटी मी लिहिणार होते की अव्वा, तुझ्यावरचा माझा राग गेला. पण ते खरं नाही. थोडा हाय अजून.